न वापरताच म्हातारे झालेले पार्ट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोकणात घरी गेलो, तर आमच्या पद्मिनीचं ब्रेक पेडल थेट खाली टेकत होतं. एका व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळत होतं. बाबा मात्र निवांत! पद्मिनी बनायची बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली, पण त्यांनी तेव्हाच पत्र्याची ट्रंक भरून स्पेअर घेऊन ठेवले होते. "काढ रे ती ट्रंक," म्हणाले.

ट्रंक उघडली. ब्रेकचे रबर फुगून मऊ झालेले, बोअरमध्ये जाईनात. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बेअरिंगांवर गंज, त्यात बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले. बाहेर खिळ्याला टांगलेला फॅन बेल्ट वाकवला की तडे. बाबा काही बोलले नाहीत. मी पण नाही. कारण आठवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत ती ट्रंक 'आवरणारा' मीच. गंजू नये म्हणून रबरासकट सगळ्याला इंजिन ऑइल चोपडणारा आणि बेअरिंगची पाकिटं फोडून बघणारा पण मीच.

अख्ख्या ट्रंकेत एकच बेअरिंग नवं राहिलं होतं, कंपनीच्या सीलबंद डब्यात. माझ्या तावडीतून सुटलं म्हणून!

मित्रांनो, यात अवघड असं काहीच नव्हतं. ब्रेकचं रबर ग्लायकॉलवाल्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं. खनिज तेल लागलं की ते फुगतं. हाताच्या घामात मीठ असतं, म्हणून पॉलिश केलेल्या पोलादाला उघडा हात लावायचा नाही. वर्तमानपत्र पावसाळ्यात ओल धरतं. त्यापेक्षा गंजरोधक व्हीसीआय कागद, नाहीतर पार्ट पूर्ण कोरडा करून, तेलाचा हात देऊन, सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवी. मात्र ओला पार्ट पिशवीत घातला तर ओलही आतच कोंडली जाते.

पण खरी गोष्ट मला नंतर कळली. मी ऑइल लावलं नसतं, तरी ते रबर इतकी वर्षं भरवशाचं राहिलं नसतं. रबर कसं साठवावं याचं आयएसओ २२३० हे मानक आहे. नीट साठवलं तरी पहिली मुदत नैसर्गिक रबराला ५ वर्षं, नायट्राइलला ७, व्हायटनला १०. नंतर तपासूनच पुढे ठेवायचं. म्हणजे धातू जपता येतो, रबर मात्र वेळेत वापरून बदलत राहावं लागतं. बॅटरीचं तर विचारूच नका. नुसती ठेवली तरी उतरते आणि चार्ज न करता पडून राहिली की सल्फेशन होऊन मरते.

आता आपल्याकडे बघू. आपल्या वर्कशॉपमध्ये बाहा टीमचा रॅक वेल्डिंग बूथला टेकून आहे. आर्कमुळे ओझोन तयार होतो आणि ओझोन हा रबराचा शत्रू! सुटी बेअरिंगं नट-बोल्टच्या बादलीत. अर्धी वापरलेली, झाकण हरवलेली ब्रेक ऑइलची बाटली शेजारी. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १४० वर येते. व्हायव्हाला हे आपण घडाघडा सांगतो. 'कॅरिंग कॉस्टमध्ये डिटेरिओरेशन येते' हेही पाच मार्कांसाठी पाठ करतो, आणि बाटली तिथेच!

कोणी म्हणेल, आता काय, ऑर्डर केलं की दोन दिवसांत पार्ट दारात. चालू मॉडेलचा येईलही. पण इव्हेंटच्या आदल्या रात्री दोन दिवस कुठून आणायचे? आणि बंद पडलेल्या मॉडेलचं काय?

म्हणून डिपार्टमेंटला एकच विनंती. वेल्डिंग आणि कॉम्प्रेसरपासून लांब, कोरड्या जागी एक लोखंडी कपाट द्यावं. बाकी आपण करू. प्रत्येक पार्टवर तारीख, एक रजिस्टर, आधी आलेला पार्ट आधी वापरायचा, आणि दर सेमिस्टरला तासभर तपासणी. स्टोअरमधल्या मामांना विचारलं तर ते याहून जास्त सांगतील. आपण विचारत नाही इतकंच.

आमचं रबर किट शेवटी तीन आठवड्यांनी मिळालं, तोवर गाडी अंगणात उभी. ते एकुलतं एक बेअरिंग बाबांनी परत ट्रंकेत ठेवलंय. या वेळी डबा न उघडता मी त्यावर फक्त तारीख लिहिली.