शंका, पश्चात्ताप आणि ढोंग

ख्रिस्ती मनुष्य धर्माविषयीं शंका घेऊं लागला, किंवा मागें फिरला, कीं त्यास ढोंगी ठरविण्याची घाई भोर-वेल्ह्यापासून पुण्यापर्यंत सर्वत्र होते. आमच्या मतें शंका हें ढोंग नव्हे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्याचें मत पटेना, तेव्हां आपल्या आश्रयदात्या भगिनींस तसें लेखी कळविलें. त्यांच्याच केडगांवच्या मुक्तिसदनांत १९०५ सालीं शेंकडों मुलींनीं उघड पश्चात्ताप केला. रेव्हरंड टिळकांनीं १९१७ मध्यें मिशनची चाकरी सोडली, ख्रिस्त सोडला नाहीं. ह्यांस ढोंगी कोण म्हणेल?

खरें बोलण्यास दंड पडतो तेथें ढोंग निपजतें. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला कीं त्याच्या सवलती जातात. जातिभेद मात्र त्याची पाठ सोडीत नाहीं. मग कागदावर एक धर्म व घरांत दुसरा! ख्रिस्ती आचरण ठेवून केवळ सवलतीसाठीं हिंदु म्हणविणें ही संविधानाची फसवणूक होय, असें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें ठरविलें. निकाल कायद्यास धरून आहे. पण लबाडीस शासन करणाऱ्या कायद्यानें प्रामाणिकपणासही दंड कां करावा?

आम्हां हिंदूंसही हंसण्याचा अधिकार नाहीं. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनांत घेतलेल्या चहाबद्दल कित्येक विद्वानांनीं प्रायश्चित्त घेतलें, तें पापाच्या भीतीनें कीं वाळीच्या? शेजाऱ्याची शंका ऐकून घ्यावी, तिच्यासाठीं त्याचें पोट व पंगत तोडूं नये, एवढेंच वाचकांपाशीं आमचें मागणें आहे.