आईंच्या हातातले काम

बरणीचे झाकण निघत नाही म्हणून घरातल्या थोरल्या बाईने ती आपल्यापुढे धरली की आपण काय करतो? झटकन उघडून देतो आणि म्हणतो, "राहू द्या हो आई, मी करते." पुढच्या वेळी बरणी त्यांच्या हातात जातच नाही. मग कणीक मळणे सुटते, ओला टॉवेल पिळणे सुटते, पाण्याची बादली सुटते. चार माणसे म्हणतात, सून किती जीव लावते! सासूबाईही खूश. पण मैत्रिणींनो, या जीव लावण्याचा हिशेब आज जरा नीट मांडून बघू या.

हाताच्या पकडीला डॉक्टर मंडळी हल्ली फार महत्त्व देतात. मूठ आवळून दाबायचे एक छोटे यंत्र असते, डायनॅमोमीटर म्हणतात त्याला. दाबले की काटा किलोत ताकद दाखवतो. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या माणसांची मोठी पाहणी केली. बहात्तर हजारांवर माणसे होती तीत, आपल्या महाराष्ट्रातलीही. वजन, उंची, रक्तदाब यांच्याबरोबर तिथे हाताची पकडही मोजली. एवढा खटाटोप उगाच कोण करील?

त्यामागचे कारण असे. भारतासह सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांवर काही वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पस्तीस ते सत्तर वयाची माणसे होती ती. ज्यांची पकड पाच किलोंनी कमी, त्यांच्यात त्या काळातले मृत्यूचे प्रमाण सुमारे सोळा टक्क्यांनी जास्त निघाले. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही मुठीचा आकडा पुढचे अधिक बरोबर सांगत होता!

आता घाबरून लगेच घरातल्यांच्या मुठी दाबून पाहू नका. कमजोर मूठ माणसाला मारत नाही. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ना, तसे हे आहे. अंगातले स्नायू कसे आहेत, नसा कशा आहेत, खाणे अंगी लागते की नाही, आतून एखादे दुखणे पोखरते आहे का, या सगळ्याचे मूठ हे एक शीत. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूच घेतात. आठ दिवस तापाने अंथरूण धरले तर शरीर स्नायूंतूनच उचल करते. ज्याच्याजवळ साठा आहे तो उठून बसतो. ज्याच्याजवळ नाही तो दुखण्यातून उठतो खरा, पण पहिल्यासारखा होत नाही. तोल जातो, न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि मग सारे घरच अंथरुणाशी बांधले जाते. ज्या घरी हे झाले आहे तिथल्या सुनेला मी आणखी काय सांगू?

म्हणूनच नुसती मूठ कमावून भागत नाही. बाजारात स्प्रिंगची मूठ मिळते, नातवंडे हौसेने आणून देतात. टीव्ही बघताना ती दाबावी, वाईट काहीच नाही. पण तिने यंत्राचा काटा चढेल, मांड्या तशाच राहतील. आणि पडू देत नाहीत त्या मांड्या!

यंत्र घरी नसले तरी एक परीक्षा घरी होते. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईंना हात छातीशी दुमडून पाच वेळा उठा-बसा करायला सांगा, तुम्ही जवळ उभ्या राहा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर स्नायूंकडे लक्ष द्यायची वेळ आली असे आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवले आहे. त्यांच्याच मते बाईची पकड अठरा किलोंच्या खाली आणि पुरुषाची अठ्ठावीसच्या खाली गेली तर ती कमी समजावी. यंत्रावर मोजून घ्यायची असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जावे. आपल्या मेडिकलमध्येही फिजिओथेरपीचा विभाग आहे.

आता पुन्हा कामाकडे. म्हाताऱ्या माणसांसाठी आपण कोणती कामे ठेवतो? भाजी निवडणे, वाती वळणे, लसूण सोलणे. वेळ छान जातो, बोटेही हलती राहतात. पण यात जोर कुठे लागतो? स्नायूला थोडा भार लागतो, नाहीतर तो आळसावतो. म्हणून दोन पोळ्यांची का होईना, कणीक त्यांना मळू द्या. त्यांचा टॉवेल त्यांनाच पिळू द्या, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. गोकुळपेठेच्या बाजारातून येताना एक जड पिशवी तुमच्याकडे आणि दोन हलक्या, सारख्या वजनाच्या त्यांच्या दोन्ही हातांत. एका हातात सगळे वजन देऊ नका, कंबर वाकडी होते. मी दुपारी शाळेत शिकवायला जाते तेव्हा घर सासूबाईंच्या ताब्यात असते. पिण्याचे पाणी त्या दोन तांबे-दोन तांबे करून स्वतः भरतात. मी भरून ठेवले तर रागावतात!

लोक म्हणतील, 'सुनेने सासूला कामाला लावले.' म्हणू द्या. पण स्वतःच्या मनाशी मात्र प्रामाणिक राहा. आईंची ताकद टिकावी म्हणून चार कामे त्यांच्याकडे ठेवणे वेगळे आणि आपली सुटका व्हावी म्हणून भांड्यांचा ढीग त्यांच्यावर टाकणे वेगळे. काम त्यांच्या मर्जीचे हवे, दमल्या की सोडता येईल असे हवे. ओल्या फरशीवरचे, स्टुलावर चढून करायचे काम मुळीच नको.

याशिवाय एक दिवसाआड खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला दोन्ही हात टेकून ढकलणे, आणि पाण्याची भरलेली लहान बाटली हातात धरून कोपरात वाकवणे, एवढे करून घ्यावे. श्वास रोखून जोर करू नये, रक्तदाब चढतो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात हे सगळे सकाळी सातच्या आत. "आता या वयात काय व्हायचंय?" असे आई म्हणाल्या तर त्यांना हे सांगा. अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या काही माणसांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले होते. त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीच्याही वर गेली. १९९० साली ते प्रसिद्ध झाले.

खाण्याचे तर विचारूच नका. दात नाहीत, भूक नाही, म्हणून संध्याकाळी नुसता मऊ भात नाहीतर चहा-पोळी. त्यात स्नायूला काय मिळते? आपल्या देशाच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे सुमारे पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने रोज हवीत, म्हणजे पन्नास किलोंच्या बाईला चाळीसच्या वर. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम, तेवढेच एका अंड्यात, तेवढेच पेलाभर दुधात. दाणे चावत नाहीत तर कूट करून दह्यात कालवा. पातळ झुणका, मुगाचे धिरडे, सोयाबीनच्या वड्या भिजवून बारीक करून कटलेटात, हे दातांवाचूनही खाता येते. वरणाचे नुसते पाणी वाढू नका, डाळ तळाशी राहते! मूत्रपिंडाचे दुखणे असेल तर मात्र डाळ-अंडी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पकड कमी झाली ती वयानेच, असेही धरून चालू नका. रात्री अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटात नस दबलेली असू शकते. आपल्या वयाच्या बायकांतही हे खूप दिसते. अंगठ्याच्या मुळाशी दुखते तो बहुधा सांध्याचा त्रास. मधुमेह, थायरॉईड यांचीही तपासणी करावी. काही महिन्यांत वजन उतरले आणि हातातून वस्तू सुटू लागल्या तर टॉनिकची बाटली आणून वेळ घालवू नये. आणि एकाच बाजूचा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो अर्धांगाचा झटका समजावा. तेल चोळत न बसता १०८ ला फोन करावा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून सोबत न्यावे. साडेचार तासांच्या आत देता येणारे औषध आहे, आणि डॉक्टर पहिल्यांदा तीच वेळ विचारतात.