नारळ, शाल आणि सुपारी

आमच्या खेड तालुक्यात गौरी-गणपतीत जाखडी नाचत नाही असं गाव शोधावं लागेल. मधोमध शाहीर, मृदंगवाला, झांजवाला बसतात आणि भोवती पायात घुंगरं बांधलेले नाचणारे फेर धरतात. शक्ती-तुऱ्याची डबल बारी असली की दोन मंडळांत सवाल-जवाब रंगतो. शक्तीवाले म्हणतात शक्ती, म्हणजे प्रकृती, श्रेष्ठ. तुरेवाले म्हणतात शिव, म्हणजे पुरुष, श्रेष्ठ. स्त्रीतत्त्व मोठं की पुरुषतत्त्व हा वाद पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीच घातला. त्या वेळी बाया आतल्या घरात चहाची पातेली उतरवत होत्या. शिमग्याच्या नमनात तर गवळणीसुद्धा पुरुषच व्हायचे.

आता चित्र बदलतंय. महिला शाहिरांची नावं पोस्टरवर झळकतात, बायकांची नमन मंडळंही निघाली आहेत. मी ज्या वाडीत बचत गटाचं काम करते तिथल्या अकरा जणींनीही चार वर्षांपूर्वी जाखडीचं मंडळ काढलं. कोणी बंदी घातली नाही. काश्मीरमध्ये दहावीतल्या तीन मुलींच्या ‘प्रगाश’ बँडला २०१३ साली फतवा आणि धमक्यांमुळे गाणं सोडावं लागलं, तसं इथे काहीच घडलं नाही. उलट सगळ्यांनी कौतुकच केलं. या कौतुकाबद्दलच मला लिहायचं आहे.

पहिल्यांदा एका महोत्सवाचं आमंत्रण आलं. वेळ दुपारी चारची, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला जोडून. खुर्च्या अर्ध्या रिकाम्या, मंडपवाले दिव्यांच्या माळा लावत होते. रात्री पुरुषांची डबल बारी. ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंतच परवानगी असते, वर्षातले मोजके १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. पूर्वी बारी उजाडेपर्यंत चालायची, तेव्हा वेळेला तोटा नव्हता. आता सातनंतरचे दोन-तीन तासच काय ते मोलाचे, आणि ते कोणाला द्यायचे हे आधीच ठरलेलं असतं.

कपडे बदलायला स्टेजमागे एक पडदा. स्वच्छतागृह जवळपास नाही, म्हणून बायांनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. भर उन्हात तासभर नाचून झाल्यावर प्रत्येकीला नारळ आणि मिळून एक शाल मिळाली. पुरुषांच्या मंडळाला काय मिळतं याला शब्दच वेगळा आहे, ‘सुपारी’. सुपारी म्हणजे बोली, आगाऊ रक्कम, ठरलेला व्यवहार. बायकांच्या वाट्याला ‘मानधन’ हा शब्द येतो आणि त्यातला मान तेवढा पोचतो. येण्याजाण्याच्या जीपचं भाडं बचत गटातून गेलं. २०२३ पासून एसटीत आम्हाला अर्धं तिकीट आहे, पण कार्यक्रम उरकून निघेपर्यंत वाडीकडे जाणारी एसटी असावी लागते ना!

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका आयोजकाचा निरोप आला. पैसे द्यायला तयार, रात्रीची वेळही द्यायला तयार. अट एकच, समोर पुरुषांचं मंडळ बसेल, ‘स्त्री विरुद्ध पुरुष’ असा सामना लावायचा. असले सामने कसे खपतात हे सगळ्यांना माहीत आहे. शिव-शक्ती बाजूला राहते आणि द्वयर्थी टोमण्यांना शिट्ट्या पडतात. मी ताबडतोब म्हटलं, “नको.” मृदंग वाजवणाऱ्या वहिनी गप्प होत्या. सासऱ्यांचा मृदंग दार लावून, दुपारच्या वेळात शिकलेली ही बाई. थोड्या वेळाने म्हणाल्या, “ताई, तुमी नको म्हनताव. मग आमी फुकटच नाचायचं का?”

मंडळाने नकार दिला खरा, पण तो त्यांचा होता की माझा, याची मला आजही खात्री नाही. कामाचे पैसे देणारं ते एकच आमंत्रण होतं. टोमण्याला त्याच चालीत सणसणीत उत्तर देणाऱ्या बाया आमच्या मंडळात आहेत. त्यांना स्टेजवर जाण्याआधीच मी अब्रूच्या नावाखाली घरी बसवलं की काय? चळवळीत वावरणाऱ्या बाईच्या तोंडी सासूचा शब्द केव्हा येतो ते तिला कळतही नाही.

आणि आयोजकांना बोलताना आपलं काय? स्त्रीमुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली आलं आणि गावोगाव पोचलं, तेव्हापासून गाणं-नाटक हे आपलं हत्यार आहे. गाणाऱ्या कार्यकर्त्याच होत्या. पैशाचा प्रश्न आपण कधी नीट काढला नाही, काढायची गरजही वाटली नाही. पण या वाडीतल्या बाया शेतावरची किंवा लोट्याच्या कारखान्यातली मजुरी बुडवून येतात. आपल्या ८ मार्चच्या मेळाव्याला त्यांना बोलावताना आपणही “आपलाच कार्यक्रम आहे” असंच म्हणतो. मीही म्हटलं आहे. गुलाबाचं फूल, वडापाव, टाळ्या. व्याख्यात्यांच्या प्रवासखर्चाचं पाकीट मात्र आधी तयार असतं. हळदीकुंकवावर आपण लेख लिहितो, पण आपल्या मेळाव्यातही नाच दुपारच्या जेवणानंतर, लोक पेंगायला लागले की, असतो.

आता मंडळाने स्वतःच ठरवून टाकलं आहे. जीपचं भाडं आणि त्या दिवसाची अकरा जणींची मजुरी आधी, संध्याकाळी सातनंतरची वेळ, आणि आतून कडी लागणारी खोली. तीन ठिकाणी हे सांगितलं. एकाने मान्य केलं. दोघांनी “कळवतो” म्हटलं आणि कळवलं नाही. त्या एका ठिकाणी मी प्रेक्षकांत बसले होते. शक्तीची बाजू घेऊन त्या पाऊण तास नाचल्या, एकही गाणं गाळलं नाही, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या शाहिरांनी एक चाल चुकल्याचं मागाहून येऊन सांगितलं. कौतुकापेक्षा त्या सांगण्याचाच वहिनींना जास्त आनंद झाला.

आमच्या मेळाव्याच्या खर्चाची यादी करायला घेतली आहे. मांडव, माईक, नाश्ता, व्याख्यात्यांचा प्रवास. त्याखाली जाखडी मंडळाची ओळ यंदा मी घातली आहे, आधीच्या तीन मेळाव्यांच्या थकलेल्या जीपभाड्यासकट. रक्कम बघून समितीतल्या एक-दोघींच्या भुवया वर गेल्या. पुढच्या बैठकीत त्यावर चर्चा आहे, आणि त्या बैठकीला वहिनींनाही बोलवायचं मी ठरवलं आहे.