मधल्या मोकळ्या जागेची किंमत

दादर-माटुंग्यातलं जुनं घर विकायला निघालं की दलालाच्या तोंडी ठरलेली विशेषणं येतात. हवेशीर आहे, उजेड भरपूर आहे, रस्त्याला झाडं आहेत, खाली वर्दळ नाही. यातली एकही गोष्ट त्या घराच्या चार भिंतींत नसते. हवा येते ती शेजारच्या इमारतीने जागा सोडली म्हणून आणि उजेड येतो तो समोरची इमारत बुटकी राहिली म्हणून. करारनाम्यात मात्र फक्त चटई क्षेत्र लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक ज्या गोष्टीवर भाळून चौरस फुटाला वाढीव भाव मोजतं, ती त्याच्या नावावर कधीच होत नाही. जुन्या उपनगरात घर घेण्याच्या व्यवहारातली खरी मेख ही आहे.

ही हवा आणि हा उजेड तिथे आपोआप आला नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला, दाटीवाटीच्या चाळींमधून फैलावला आणि लाखो माणसं मुंबई सोडून पळाली. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दादर, माटुंगा, शीव हा तेव्हा शहराबाहेरचा, शेतावाडीचा मुलूख. ट्रस्टने तिथल्या जमिनी ताब्यात घेतल्या, भराव घातले, रस्ते आखले, सांडपाण्याची सोय केली आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. आखणी विसाव्या शतकाच्या आरंभीची असली, तरी इमारती उभ्या राहिल्या मुख्यतः १९२० आणि १९३०च्या दशकांत. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, माटुंग्याची दक्षिण भारतीय वस्ती ही सगळी त्या आखणीची लेकरं. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ मध्ये महापालिकेने खुलं केलं. आधी ते माहीम पार्क होतं, शिवरायांचं नाव त्याला १९२७ मध्ये मिळालं.

ट्रस्टच्या कारभारात एक कोन फार महत्त्वाचा होता. साडेत्रेसष्ट अंशांचा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. भूमिती सोपी आहे. खिडकीच्या पायथ्यापासून या कोनात वर रेषा ओढली, तर समोरच्या इमारतीचं डोकं त्या रेषेच्या वर जाता कामा नये. साडेत्रेसष्ट अंश म्हणजे व्यवहारात दोनास एक. मधे दहा फूट मोकळे असतील तर समोर वीस फुटांपेक्षा उंच बांधायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या माणसालाही आभाळाचा तुकडा दिसला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. प्लेगने धडा शिकवल्यावर सुचलेलं हे शहाणपण होतं, सौंदर्यदृष्टी नव्हे. आज आपण त्याला सौंदर्य म्हणतो.

या इमारतींकडे जरा जवळून बघावं. तळमजला अधिक दोन किंवा तीन मजले, गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर काँक्रीटचे आडवे छज्जे, जिन्यात मोझेकच्या लाद्या. चाळीत नळ आणि संडास मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून असत. इथल्या ‘ब्लॉक’मध्ये ते पहिल्यांदा घरात आले. सोवळंओवळं पाळणाऱ्या मध्यमवर्गाला हे पचायला वेळ लागला. म्हणून संडास अगदी मागच्या टोकाला काढायचा आणि सफाई कामगाराने घरातून न जाता परस्पर यावं-जावं यासाठी मागून लोखंडी गोल जिना लावायचा, अशी रचना झाली. काही इमारतींच्या मागे हे गंजलेले जिने अजून आहेत. नव्या मालकांना ते ‘विंटेज’ वाटतात आणि त्यावर कुंड्या ठेवल्या जातात. याच हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात राजगृह बांधलं, तेही आपल्या प्रचंड ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून. वारशाच्या नावाने गहिवरणाऱ्यांनी बाल्कनीच्या गोलाईइतकाच तो मागचा जिनाही बघायला हरकत नाही.

आता घर घेणाऱ्याकडे वळू.

इथे ‘घर विकत घेतलं’ या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात. घर सोसायटीतलं असेल तर शेअर सर्टिफिकेट मिळतं आणि बँक कर्ज देते. पागडीचं असेल तर खरेदीदार मालक होतच नाही, भाडेकरू होतो. जुना भाडेकरू पैसे घेऊन हक्क सोडतो, त्यातला ठरावीक हिस्सा, रिवाजाने बहुतेक एक-तृतीयांश, घरमालक घेतो आणि भाडेपावती नव्या माणसाच्या नावावर करतो. एके काळी हा व्यवहार सरळसरळ बेकायदा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५६ने त्याला मान्यता दिली. तरीही बहुतेक बँका अशा घराला कर्ज द्यायला नाखूश असतात. त्यामुळे हे घर रोकड बाळगणाऱ्याचंच राहतं. आणि तिसरा अर्थ जमिनीचा. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, तेव्हा भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडांची जमीनदारी महापालिकेकडे आली. सोसायटीची इमारत स्वतःची, पण जमीन पालिकेची, असा प्रकार इथे सर्रास दिसतो. मालमत्ता पत्रक न बघता निव्वळ फ्लॅटच्या चाव्यांवर खूश होणाऱ्याला हे पुढे कधीतरी, पुनर्विकासाच्या बैठकीत कळतं.

शिवाय इमारतीचं वय. पालिका कायद्यानुसार तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, आणि सी-१ शेरा आला की घर रिकामं करायचं. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते आणि प्लास्टर सोडते. शिवाजी पार्कच्या रहिवाशांना हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. दोन मजले जिना चढणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजोबांना तुमची इमारत आर्ट डेको शैलीची आहे हो, असं सांगून त्यांच्या गुडघ्यांना आराम पडत नाही. पुनर्विकासाला विरोध करणारे बरेच लेखक ही बाजू चटकन ओलांडून जातात. लिफ्ट हवी, गळती थांबावी, चार चौरस फूट जास्त मिळावेत, यात हावरटपणा काही नाही.

प्रश्न त्या जागी काय उभं राहतं हा आहे. भूखंडाच्या तिसऱ्या हिश्शावर तीन मजली इमारत असेल, तर हिशेबाने तिचा एफएसआय, म्हणजे बांधकामाचं भूखंडाशी प्रमाण, होतो एक. उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी विकास नियमावलीच्या ३३ (७) खाली आज किमान तीन एफएसआय मिळतो. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे वाढीव, एफएसआय धरला की चार होतो. म्हणजे त्याच भूखंडावर चौपट बांधकाम. ते मावणार कुठे? आधी उंचीत, मग आजूबाजूच्या मोकळ्या जागेत. नियमाने सोडायची जागा अपुरी पडली, तर अधिमूल्य भरून सवलत घेता येते. शंभर वर्षांपूर्वी ज्या मोकळ्या जागेसाठी अख्खी योजना आखली, तिची तूट आता पैसे देऊन भरून निघते. त्यात वाहनतळाचे चार-पाच मजले खाली आले की रस्त्याला बाल्कनीऐवजी जाळीची भिंत लाभते. पहिल्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारणारं माणूस थेट सातव्या मजल्यावर जाऊन बसतं.

यात सगळ्यात वाईट सापडतो तो जुन्या वातावरणासाठी पैसे मोजणारा. तो येतो झाडांसाठी आणि त्याच्या पैशाने पुढच्या इमारतीचा भाव ठरतो. भाव वाढला की बिल्डरची ऑफर वाढते, ऑफर वाढली की शेजारची सोसायटी ठराव करते. जुन्या रस्त्याची कीर्ती अशी त्या रस्त्याच्याच मुळावर येते.

२०१२ मध्ये महापालिकेने वारसा वास्तूंची नवी यादी प्रसिद्ध केली. तीत शिवाजी पार्क आणि दादर पारशी कॉलनीसारखे अख्खे परिसर होते. पारशी कॉलनीतून तिचं स्वागत झालं. शिवाजी पार्कवरून संताप उसळला. एकाच शहरातल्या, मैलभराच्या अंतरावरच्या दोन सुशिक्षित वस्त्यांनी अगदी उलटी भूमिका का घेतली? एका बाजूला संस्कृतीची चाड आणि दुसऱ्या बाजूला लोभ, असं उत्तर काही जणांनी तेव्हा दिलं. ते सोयीचं होतं, खरं नव्हतं. मंचेरजी जोशी या इंजिनिअरच्या खटपटीने राखून ठेवलेल्या पारशी कॉलनीत घरं बाहेरच्यांना विकायची नाहीत, अशी जुनी अट. त्यामुळे बाजारभाव कितीही चढला तरी रहिवाशाच्या पदरात फारसं काही पडत नाही. उलट टॉवर आला तर सावली तेवढी पडेल. शिवाजी पार्कच्या रहिवाशाला मात्र यादीत नाव लागताच दुरुस्तीचा खर्च राहणार आणि पुनर्विकासाची वाट अडणार, असं दिसत होतं. वारसा जपायचा सगळ्या शहराने आणि बिल भरायचं तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षकाने, हा न्याय कोणालाही रुचला नसता.

त्या वादात दोन्हीकडच्यांनी भांडण केलं ते इमारत पाडायची की नाही यावर. खरं भांडण व्हायला हवं होतं ते दोन इमारतींमधल्या अंतरावर. ब्लॉक पडला, नवा आला, त्यात लिफ्ट आली, यात परिसराचं फारसं बिघडत नाही. बाजूची जागा आणि उंचीचं प्रमाण गेलं की परिसर संपतो, मग दर्शनी भागावर कितीही गोल बाल्कन्या चिकटवा.

आणि यासाठी पालिकेला नवा कायदा लागत नाही. भाडेपट्ट्याच्या भूखंडावर पुनर्विकास करायचा तर जमीनमालक म्हणून पालिकेच्या मालमत्ता विभागाची ना-हरकत घ्यावी लागते. आज तो विभाग मुख्यतः थकबाकी आणि हस्तांतर शुल्क मोजतो. ना-हरकतीतच एवढी अट घालावी की या परिसरांत बाजूच्या मोकळ्या जागेला अधिमूल्याची सवलत नाही. त्यामुळे वाया जाणारा एफएसआय टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काच्या, रूपाने इतरत्र विकू द्यावा, आणि त्यातून सोसायटीला दुरुस्तीचा किंवा माफक उंचीच्या नव्या इमारतीचा खर्च सुटावा. वारसा वास्तूंसाठी टीडीआरची तरतूद मुंबईच्या नियमांत १९९०च्या दशकापासून आहे, ती एकेकट्या इमारतीऐवजी रस्त्याला लावायची. तोवर घर बघायला जाणाऱ्याने फ्लॅटच्या नकाशाबरोबर शेजारच्या दोन भूखंडांचे नकाशेही मागावेत. तिथला प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल तर ते घरबसल्या संकेतस्थळावर बघता येतात, आणि दलालाच्या ‘हवेशीर’ या शब्दाची मुदत किती वर्षांची आहे तेही त्यावरून बऱ्यापैकी कळतं.