कच्चा कोबी आणि पिकविणाराची जबाबदारी

कोबी हें पीक मूळचें आपलें नव्हे. युरोपियन लोकांबरोबर तें या देशांत आलें. तथापि आज नाशिक, पुणे, सातारा या जिल्ह्यांतील बागायतदारास तें परकें वाटत नाहीं. आपण तें पिकवितों, पोत्यांत भरतों आणि बाजारास धाडतों. घरांत मात्र त्याची डाळ घालून शिजविलेली भाजी तेवढी होते. कच्च्या कोबीची पचडी झालीच तर सणावारीं, आणि तीही पानाच्या डाव्या बाजूस चमचाभर. हा चमचा वाटीएवढा व्हावा, हें माझें एक म्हणणें. परंतु त्यापूर्वीं आपण पिकविणारांनीं एक गोष्ट केली पाहिजे, हें दुसरें; आणि तेंच अधिक महत्त्वाचें आहे.

प्रथम कोबींत आहे काय, तें पाहूं. शंभर ग्रॅम कच्च्या कोबींत सुमारें ९२ ग्रॅम पाणीच असतें. उष्मांक अवघे २५ मिळतात, प्रथिनें सव्वा ग्रॅमच्या आसपास आणि चोथा अडीच ग्रॅम. म्हणजे हें पोट भरण्याचें अन्न नव्हे. भाकरीची जागा तें घेणार नाहीं. त्याची किंमत आहे ती जीवनसत्त्वांत. तेवढ्याच कोबींत जीवनसत्त्व 'क' ३५ मिलिग्रॅमच्या आसपास असतें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें सन २०२० मध्यें प्रौढ पुरुषास रोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम हें प्रमाण सांगितलें आहे. याचा अर्थ, एका वाटीभर पचडीनें घरांतील स्त्रीची निम्मी गरज भागते. पेरूंत व आवळ्यांत हें सत्त्व याहून पुष्कळ अधिक असतें, हें खरें. पण पेरू व आवळा हंगामापुरते, आणि कोबी बहुतेक बारमाही व स्वस्त.

हें सत्त्व उष्णतेनें नासतें व पाण्यांत उतरतें. गृहिणी कोबी उकडून त्याचें पाणी ओतून देते, तेव्हां त्याचा बराच भाग त्या पाण्याबरोबर मोरींत जातो. सन १९२८ मध्यें हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनीं जें द्रव्य प्रथम वेगळें काढलें व जें पुढें जीवनसत्त्व 'क' ठरलें, तें त्यांना ज्या पदार्थांत सांपडलें त्यांत कोबीही होता. परंतु शास्त्राला नांव सांपडण्यापूर्वीं दीडशें वर्षें खलाशांना त्याचा गुण ठाऊक झाला होता. कॅप्टन कुक हा सन १७६८ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, तेव्हां त्यानें आंबवलेल्या कोबीचीं पिंपें जहाजावर घेतलीं होतीं. खलाशी प्रथम तो खाईनात. तेव्हां कुकनें तो अधिकाऱ्यांच्या पंक्तीस रोज वाढण्याची व्यवस्था केली आणि इतरांस मोकळीक ठेवली. वरिष्ठ खातात असें दिसतांच खालच्यांनींही मागणी केली, आणि लवकरच तो मोजून वाटण्याची वेळ आली. ज्याच्या हातीं पदार्थ आहे त्यानें तो स्वतः खाऊन दाखविला कीं उपदेशाची गरज उरत नाहीं, हा त्यांतील बोध आपण ध्यानांत ठेवावा.

आपल्या जेवणाच्या दृष्टीनें आणखी एक लाभ आहे. बाजरींत लोह असतें. पण धान्यांतील लोह शरीरांत सहज मुरत नाहीं. त्याच जेवणांत जीवनसत्त्व 'क' असलें तर तें अधिक मुरतें. आपल्या स्त्रियांत रक्तक्षय किती आहे, हें सांगावयास नको. बाजरीच्या भाकरीशेजारीं लिंबू पिळलेली कोबीची पचडी असणें, हा यावर खर्चावांचूनचा उपाय आहे.

आतां दुसऱ्या म्हणण्याकडे येतों, आणि तें सांगतांना स्वतःचाच दोष उघड करणें प्राप्त आहे. महसूल खात्यांतील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर मी वडिलोपार्जित बागायत पाहूं लागलों. गेल्या हिवाळ्यांत एके सकाळीं नातीस घेऊन मळ्यांत गेलों होतों. तिनें कोबीचें एक कोंवळें पान मोडून तोंडाशीं नेलें. मीं तें तिच्या हातांतून हिसकावून घेतलें. कारण तिसऱ्याच दिवशीं मागें त्या वाफ्यावर औषध फवारलें होतें. ती म्हणाली, "आजोबा, घरीं तुम्हीच कच्चा कोबी खा म्हणतां ना?" मला उत्तर सुचलें नाहीं. त्याच दुपारीं त्याच वाफ्यांतील गड्डे टेंपोंत भरून बाजारास गेले, आणि मीं ते जाऊं दिले. जें पान माझ्या नातीस विष, तें दुसऱ्याच्या नातीस अन्न कसें ठरेल?

औषध फवारावें लागतें याचें कारण चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याच्या अळ्या पानांची चाळण करतात. या किडीनें अनेक औषधें पचविलीं आहेत. म्हणून आपण औषध बदलतों, मात्रा वाढवितों, आणि काढणीच्या आदल्या आठवड्यांतही फवारतों. शिजविलेल्या भाजीपेक्षां कच्च्या पानांत हा धोका अधिक उघडा आहे. पाण्यानें वरवरचा अंश निघेल. पानांत मुरलेलें औषध धुण्यानें निघत नाहीं.

उपाय आपल्या आवाक्यांतले आहेत. कोबीच्या दर २५ ओळींमागें मोहरीच्या दोन ओळी घ्याव्या. एक लावणीपूर्वीं सुमारें १५ दिवस आणि दुसरी लावणीनंतर सुमारें २५ दिवसांनीं पेरावी. पतंग मोहरीवर ओढला जातो व अळ्यांचा नाश तेथेंच करतां येतो. पांच टक्के निंबोळी अर्क व जिवाणूजन्य औषधें आधीं वापरावीं. रासायनिक औषध घ्यावेंच लागलें, तर त्याच्या पत्रकावर फवारणी व काढणी यांत किती दिवस जाऊं द्यावे हें छापलेलें असतें. तेवढे दिवस कोयता लावूं नये. नाल्याचें सांडपाणी तर कच्च्या खाण्याच्या भाजीस देऊंच नये, कारण त्यांतून पट्टकृमीचीं अंडीं पानांवर येतात.

जन्मभर दप्तर सांभाळलेला मनुष्य मी. म्हणून एक दप्तरी सूचना करतों. आपण पीकपाहणींत पिकाची नोंद करतों, तशी फवारणीचीही वही ठेवावी: तारीख, औषधाचें नांव, मात्रा, थांबण्याचे दिवस आणि काढणीची तारीख, एवढे पांच रकाने पुरेत. आपल्या संस्थेनें ती वही पाहून मालास चिठ्ठी द्यावी. छिद्र असलेला गड्डा कोणी घेत नाहीं, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, व आज त्याचा तोटा शेतकऱ्यासच होतो. पण ग्राहकाला छिद्राचें भय आहे तें त्याला दुसरें कांहीं दिसत नाहीं म्हणून. आपण दाखविण्याजोगी वही ठेवली तर त्याला पाहावयास दुसरें कांहीं तरी मिळेल.

कच्चा कोबी खातांना वरचीं दोन-तीन पानें काढावीं, उरलेलीं सुटीं करून वाहत्या पाण्यांत धुवावीं, आणि ऐन जेवणाच्या वेळीं चिरावीं. रक्त पातळ करण्याचें औषध घेणारानें व गलग्रंथीच्या रोग्यानें वैद्याचा सल्ला घ्यावा. केवळ कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड झाल्याचें सन १९२८ मध्यें अमेरिकेंत दिसून आलें होतें. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या निरोगी माणसास वाटीभर पचडीचें भय नाहीं.

यंदा माझ्या मळ्यांत मोहरीच्या ओळी आहेत व वही खुंटीस टांगलेली आहे. बांधावर उभें राहून नातीच्या हातीं पान देतां येईल, त्याच दिवशीं गड्डे कापावयाचे, असा नियम मीं केला आहे. वाचकांनींही तो आपल्या शेतांत लावून पाहावा, अशी विनंती आहे.