दीड इंचाचा हट्ट

गणेशोत्सवाच्या दिवशी स्वयंसेवकाच्या नशिबी देवदर्शन कमी आणि पातेलीच जास्त. यंदाही आम्ही शाळेच्या मागच्या दाराशी मसालेभाताची वाट पाहत उभे होतो. तेवढ्यात एका स्नेह्यांची सिव्हिक आवारात वळली. चालवायला त्यांचा मुलगा, मागे भारतातून आलेले आजी-आजोबा आणि डिकीत दोन भरलेली पातेली. पहिल्याच गतिरोधकावर गाडीच्या पोटातून असा काही आवाज आला की चपला काढणारी मंडळी वळून पाहू लागली. भात सांडला नाही, ही बाप्पाची कृपा. आजोबा मात्र कमरेवर हात ठेवून उतरले आणि आरतीच्या वेळी खुर्चीतून उठले नाहीत.

मग उलगडा झाला. चिरंजीवांनी उन्हाळ्यातल्या नोकरीच्या पैशांतून आखूड स्प्रिंगा विकत आणल्या होत्या आणि व्हिडिओ पाहून घरच्या गॅरेजमध्ये बसवल्या होत्या. गाडी दीड इंच खाली आली होती. वडिलांना पत्ताच नव्हता.

जेवणाच्या पंगतीत दोन तट पडले. वडीलधारे म्हणाले, "असले उद्योग बंदच करा." तरुण म्हणाले, "सगळेच करतात, काही होत नाही." आम्हांला यातले एकही मत पटले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हे मान्य करू की ही हौस वाया गेलेल्या पोरांची नाही. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर खाली बसवलेल्या गाड्यांची परंपराच उभी राहिली. चाकाच्या रिमपेक्षा खाली येणाऱ्या गाड्यांवर कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंदी घातली. ती थेट १ जानेवारी २०२४ पासून उठली. १९९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आशियाई मुलांनी छोट्या जपानी गाड्यांना हा साज चढवला आणि २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस'ने तो घरोघरी पोचवला. आपली मुले इथे वाढली, तेव्हा त्यांना इथले वेड लागणारच.

पण वेडालाही गणित असते. स्प्रिंग दाबली जाते तेव्हा ती किती धक्का पोटात घेते, हे दाबाच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. समजा, गाडीला खाली जायला तीन इंच वाव होता. दीड इंच आपण आधीच खर्च केला. उरलेल्या दीड इंचात तेवढाच धक्का झेलायचा तर स्प्रिंग दुपटीने नव्हे, चौपटीने कडक हवी. तेवढी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीत कोणी बसवत नाही. म्हणून खड्डा आला की स्प्रिंगचे काम संपते आणि गाडी रबरी ठोकळ्यावर आदळते. परवा आजोबांच्या कमरेने मोजला तो हाच हिशोब.

आणि मिळवले काय? मुले म्हणतात, गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर गाडी चिकटून चालते. बरोबर आहे. पण साध्या सेडानचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण वीस-एकवीस इंचांवर असतो. त्यातला दीड इंच म्हणजे सात टक्के. मूळचे शॉक अॅब्सॉर्बर मूळ स्प्रिंगच्या बेताने बनवलेले असतात. नवी कडक स्प्रिंग त्यांना आवरत नाही, गाडी उसळत राहते आणि शॉक लवकर गळू लागतात. चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट केली नाही तर टायर आतल्या कडेने झिजतात, आणि ती कड उभ्याने पाहिल्यास दिसत नाही. हल्लीच्या गाड्यांत तर आपोआप ब्रेक लावणारे कॅमेरे आणि रडार ठरावीक उंची धरून जुळवलेले असतात. तेही पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.

सर्वांत मोठा धोका मात्र गॅरेजमध्येच असतो. मध्यम गाडीची स्प्रिंग सहा इंच दाबून धरली की तिच्यात साठणारी शक्ती म्हणजे बासमतीची वीस पौंडी तीन पोती कमरेच्या उंचीवरून सोडण्याइतकी. ती स्प्रिंग दाबायच्या साधनातून निसटली तर समोर कोण आहे हे पाहत नाही. आम्ही रसायनशास्त्रातले, पण पोलादाविषयी एक गोष्ट गावचा लोहारही सांगेल. विळ्याला पाणी दिलेले असते म्हणून त्याची धार टिकते. तो लाल तापवा, पाणी उतरते. स्प्रिंगच्या पोलादाचेही तसेच. पैसे वाचवायला मूळ स्प्रिंगचे वेढे ज्योतीने कापणारे तिचे पाणीच उतरवतात. आणि बसवताना रंग खरवडला गेला तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ तेवढ्याच जागी गंजाचा खळगा पाडते. तडा तिथूनच सुरू होतो.

यावर "सरकारी तपासणीत कळेलच की" असे कोणी म्हणेल. न्यू जर्सीने साध्या मोटारींची यांत्रिक तपासणी २०१० साली बंद केली. टेक्सासनेही खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून थांबवली. तेव्हा अशा ठिकाणी तपासनीस आपणच. वॉरंटीचेही तसेच. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे कंपनीला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावे लागते. पण आखूड स्प्रिंगेखाली गळलेल्या शॉकबाबत ते दाखवणे काही अवघड नाही.

आता आमचे मत. आपली गाडी एकट्याची नसते. आज मंडळाची पातेली, उद्या विमानतळावरून आई-वडील आणि त्यांच्या पन्नास पौंडी चार बॅगा, म्हणजे माणसे सोडून दोनशे पौंड. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत वजनाची मर्यादा लिहिलेली असते. स्प्रिंग कडक केली म्हणून ती वाढत नाही. म्हणून घरच्या गाडीला आखूड स्प्रिंग नको. मुलाची स्वतःची गाडी असेल आणि हौस दांडगी असेल, तर जुळणाऱ्या शॉकसकट पूर्ण संच घ्यावा, जाणत्या मेकॅनिककडून बसवावा, त्याच दिवशी अलाइनमेंट करावी, हेडलाइट नीट करून घ्यावेत आणि विमा कंपनीला कळवावे. एवढे पैसे साठेपर्यंत थांबावे. पुष्कळदा थांबण्यातच हौस फिटते.

वडिलांनाही दोन शब्द. मुलाने इंजिनिअर व्हावे म्हणून आपण नवस बोलतो, आणि त्याने गॅरेजमध्ये पान्हा हातात घेतला की ओरडतो. मग तो चोरून करतो. त्या मुलाने चार बोल्ट चुकीचे बसवले नव्हते. त्याच्या शेजारी कंदील धरून उभे राहणारे कोणी नव्हते, इतकेच. "आजी-आजोबा मागे बसले तर काय होईल रे?" एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर त्यानेच काढले असते.

स्नेह्यांनी पुढच्या शनिवारी मूळ स्प्रिंगा परत बसवून घेतल्या. या वेळी मेकॅनिककडे बाप-लेक दोघेही गेले होते. दिवाळीची पातेली त्याच गाडीतून येणार आहेत. आम्ही दाराशी उभे असूच.