विश्लेषण : डोंबिवलीतील स्फोटांत दूरच्या घरांच्या काचा का फुटल्या? स्फोट सोसणारी इमारत कशी बांधतात?

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेस कंपनीत स्फोट होऊन १२ जणांचा बळी गेला. २३ मे २०२४ रोजी फेज-२मधील अमुदान केमिकल्समध्ये झालेल्या स्फोटातही दहाहून अधिक जणांनी प्राण गमावले. दोन्ही वेळा लांबवरच्या घरांच्या काचा फुटल्या. असा हादरा इमारत सोसू शकते का?

आधी काचच का फुटते?
स्फोटानंतर हवेत दाबाची लाट पसरते. हवेचा नेहमीचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. त्यात अचानक दोन-तीन किलोपास्कलची भर पडली तरी साधी काच फुटू शकते. १५ ते २० किलोपास्कलला विटांची भिंत ढासळू शकते. आरसीसी सांगाडा याहून बराच जास्त दाब सोसतो. त्यामुळे इमारत उभी राहते, पण आतली माणसे काचांनी जखमी होतात.

सळ्यांचा उपयोग काय?
काँक्रीट ताणाला तडकते, तो ताण सळ्या घेतात. कॉलम-बीमच्या जोडाजवळ रिंगा कमी अंतरावर बांधल्या, तर सांधा वाकतो, पण एकदम तुटत नाही. लाट ओसरताना उलट ओढही बसते, म्हणून भिंती आणि स्लॅबमध्ये दोन्ही बाजूंना सळ्या लागतात. जमिनीवरील स्फोटांसाठी आपल्याकडे आयएस ४९९१ हे मानक १९६८ पासून आहे.

कोपरीतील रहिवाशांचा याच्याशी काय संबंध?
शेजारी रसायनांचा कारखाना नसला तरी घरात गॅस असतोच. लंडनच्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १९६८ मध्ये १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपराच खालपर्यंत कोसळला. चौघांचा मृत्यू झाला. त्यामुळे पुनर्विकासाचा आराखडा पाहताना सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे : एक आधार गेला, तर भार दुसरीकडे वळेल का? मोठ्या खिडक्यांना लॅमिनेटेड काच आहे का? ती तडकली तरी तिचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात.

मजबूत बांधकाम पुरेसे आहे का?
नाही. स्फोटक साठा आठपट झाला, तर धोक्याचे अंतर दुप्पट होते. उलट साठा निम्मा केला, तरी ते अंतर जेमतेम पाचव्या हिश्शाने घटते. म्हणजे साठ्यावर मर्यादा हवीच, पण कारखाना आणि वस्ती यांच्यातील मोकळी जागाच खरा बचाव करते. डोंबिवलीत नेमके तेच अंतर उरलेले नाही.